फळीवरचा हात

सुचावा, ९ मे १९९४

पारास्किवाआत्या,

तुला आता माता एवलोगिया म्हणायचं असतं हे मला ठाऊक आहे. पण आज मी भांडायला बसलोय, आणि साध्वीशी भांडता येत नाही, आत्याशी येतं.

तुमच्या मठात अग्लाया आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी ती भिंतीवरच्या चित्रांची काजळी पुसायला म्हणून गेली. स्टेशनवर तिची कापसाची आणि बाटल्यांची पेटी मीच गाडीत चढवली. महिन्याभरात येते म्हणाली होती. आता कळतंय की पंधरा ऑगस्टला, देवमातेच्या महानिद्रेच्या सणाला, तिची दीक्षा आहे. आणि हे मला कुणी सांगावं? कॉलेजच्या खानावळीत तिच्या मैत्रिणीनं, सूप पिता पिता. मी वाटी भिंतीवर फेकली. दुसऱ्या दिवशी कॉलेजही सोडलं. वनशास्त्राचं तिसरं वर्ष होतं. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आई म्हणते, "आत्याला लिही, तिचं तू ऐकतोस." मी कुणाचंच ऐकत नाही, तरी लिहितोय.

तुमच्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर अखेरच्या न्यायाचं चित्र आहे ना. कर्णा वाजतो आणि अस्वलं, लांडगे, मासे, ज्यानं ज्याला खाल्लं त्याचा हात, पाय, डोकं तोंडात धरून परत आणून देतात. लहानपणी तूच मला कडेवर घेऊन दाखवलं होतंस. अग्लाया तेच अस्वल साफ करायला आली होती म्हणे. तर तिला विचार, माझं जे नेलंस ते कधी परत करणार?

सोबतची चिठ्ठी तिच्या हातात दे. दुसऱ्या कुणाच्या नाही.

टोडेर


पोयानित्सा मठ, २२ मे

टोडेर बाळा,

चिठ्ठी न उघडता परत पाठवतेय. उमेदवारीतल्या मुलींची पत्रं आधी थोरल्या माता वाचतात, आणि तुझ्या अक्षरासाठी त्यांना नवा चष्मा करावा लागला असता. वाटीची हकिकत मात्र मी त्यांना सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, त्या दिवशी बुधवार, म्हणजे उपवासाचा दिवस नव्हता ना, आणि सुपात मांस नव्हतं ना.

अग्लाया बरी आहे. जेवते, हसते, पहाटे उठायला कंटाळते. याहून जास्त सांगणं माझ्या हातात नाही.

तू रागात आहेस, म्हणून हा मठ कसा झाला ते सांगते. एका सरदाराचं डोकं राजानं उडवलं. त्याची बायको बैलगाडीत बसून घरातून निघाली आणि गाडीवानाला म्हणाली, माझं रडू थांबेल तिथं गाडी थांबव. डोंगर झाले, नद्या झाल्या, बैल बदलले. या दरीत आल्यावर गाडीवानाला मागून काहीच ऐकू येईना. त्याला वाटलं बाई गेली. वळून बघतो तर ती झोपलेली. तिथं हे चर्च उभं राहिलं. पुढं सम्राटाच्या अंमलदारांनी मठ बंद करून आत गवत भरलं, पहिल्या महायुद्धात आमच्या घंटा तोफा ओतायला नेल्या. राहिली ती तोआका. तू विसरला असशील: प्रार्थनेआधी लांब लाकडी फळी खांद्यावर टेकवून, छोट्या हातोडीनं वाजवत चर्चभोवती फिरतात ती. फळी कोण चोरणार? थोरल्या माता म्हणतात, ही पहिल्यांदा नोहानं वाजवली, जनावरांना नावेत बोलावायला. आणि ती सलगच वाजवायची, मध्ये थांबलं तर जनावरं मागं वळून बघतात.

तुला इकडं यायचंच आहे हे मला दिसतंय. तर ये. मठात पाहुण्यांना खोली मिळते, पण वाट्या फेकणाऱ्यांना नाही. नदीपलीकडच्या टेकडीवर गाव्रिल राहतो, त्याला गवत कापायला माणूस हवाय. तिथून मठ दिसतो. अग्लायाशी बोलायचा प्रयत्न करायचा नाही, एवढं कबूल असेल तरच ये.

माता एवलोगिया


गाव्रिलची टेकडी, १२ जून

आत्या,

आलो. कबूलही केलं, दात ओठ खाऊन.

गाव्रिलदादानं मला नखशिखांत बघितलं. "कॉलेजवाला ना? लांब दांड्याचा विळा कुठल्या टोकानं धरतात एवढं तरी शिकवलंय का?" म्हटलं, मी वनशास्त्र शिकत होतो. "म्हणजे झाडांना नावानं हाका मारता येतात. चांगलंय. गवत हाक मारून आडवं होत नाही."

मी माळ्यावर गवतात झोपतो. पहाटे सगळी दरी धुक्यानं भरलेली असते, काठोकाठ. मठ त्याच्या तळाशी कुठंतरी बुडालेला, फक्त छपराचं टोक वर. आणि त्या तळातून तोआका येते. आधी सावकाश, कुणी अनवाणी जिना चढतंय अशी. मग दाट होत जाते, मग इतकी दाट की झाडंच आपापसात बोलतायत असं वाटतं. आणि ऐन भरात एक थांबा येतो. एका श्वासाएवढा. मग पुन्हा सुरू.

आत्या, तो हात अग्लायाचा आहे.

मला समजावू नकोस. पहिल्याच पहाटे मी ताडकन उठून बसलो. अंगावर काटा आला, कारण हा हात मला ओळखीचा होता. कधीचा, कुठला, सांगता येत नाही. तो थांबा येतो तेव्हा मला वाटतं कुणीतरी थेट माझ्याकडं बघतंय. पुऱ्या वसंतात मला धड झोप नव्हती. इथं संध्याकाळची तोआका संपायच्या आत डोळे मिटतात, गवताच्या गंजीवर बसल्या बसल्या. गाव्रिलदादा खांद्याला धरून हलवतो, "ऊठ नवरदेवा, मामालिगा थंड झाली. मक्याचं पीठ तुझ्या स्वप्नासाठी शिजवत नाही मी."

मी त्याला विचारलं, हे कोण वाजवतंय? म्हणाला, "लाकूड."

तू मला सरळ सांगणार नाहीस, तुमचे नियम असतील. म्हणून असं कर. तो हात तिचा नसेल तर पुढच्या पत्रात 'नाही' एवढा एकच शब्द लिही. असेल तर त्याबद्दल काहीच लिहू नकोस. मी समजेन.

टोडेर


पोयानित्सा, २६ जून

बाळा,

तुझं पत्र मी बागेत कोबीच्या वाफ्याशी बसून वाचलं. पहिल्यांदाच त्यात कुणाला धमकी नव्हती. तुला झोप लागते हे वाचून मी थोडा वेळ तिथंच बसून राहिले. ते मोडू नये असं वाटलं.

तुला माझी एक गोष्ट सांगते, तुझ्या बाबानं कधी सांगितली नसेल. मी पंचविशीची असताना कम्युनिस्ट सरकारचा हुकूम आला की तरुण साध्वींनी मठ सोडायचा आणि कामाला लागायचं. आम्हाला ट्रकमध्ये बसवलं. एका अधिकाऱ्यानं प्रत्येकीला रंगीत रुमाल दिला, काळा काढून हा बांधा म्हणून. माझ्या वाट्याला पिवळा आला, त्यावर चेरी होत्या. मी तो इतक्या घट्ट बांधला की कान दुखले. कापडगिरणीत मागावर उभी राहिले आणि तुमच्या घरी, भावाकडं राहिले. साध्वी होते हे शेजाऱ्यांत बोलायचं नाही, मोठ्यानं प्रार्थना म्हणायची नाही, असं तुझ्या बाबानं सांगून ठेवलं होतं. त्याची नोकरी होती. मी त्याला दोष देत नाही.

मठात त्या वर्षांत दोघी म्हाताऱ्या उरल्या होत्या. एक बहिरी. पण फळी तीच वाजवायची, म्हणायची मला ती खांद्यातून ऐकू येते. तिच्यामुळं दरीत एक दिवसही शांतता झाली नाही.

तू तीन वर्षांचा असताना मला परत यायची परवानगी मिळाली. मी निघाले तेव्हा तू कुंपणाची काठी धरून उभा होतास. रडला नाहीस. मीच बैलगाडीतल्या त्या बाईसारखी गेले, पार या दरीपर्यंत.

आता उठते. प्रार्थनेची वेळ झाली, खुंटीवर फळी वाट बघतेय.

माता एवलोगिया


टेकडी, १७ जुलै

आत्या,

तू 'नाही' लिहिलं नाहीस.

पत्र दोनदा वाचलं, मग गाव्रिलदादाला वाचून दाखवलं, कुठं तो शब्द लपलाय का बघा म्हणून. तो म्हणाला, "तुझ्या आत्यानं त्या प्रश्नाला हातच लावलेला नाही." म्हटलं, तेच तर. त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं तो पाय मुरगळलेल्या गायीकडं बघतो.

आता मला सगळं कळतंय. थांबा कधी लांबतो, कधी आखडतो. लांबला की मी समजतो, आज ती उदास आहे. मी विळा खाली ठेवतो आणि तेवढाच वेळ श्वास धरतो. असं आम्ही दिवसातून कितीदा तरी बोलतो. गवत वाळतंय, त्याचा वास डोक्यात चढतो, टेकडी जराशी हलते, आणि मला वाटतं की ही दरी म्हणजे एक मोठं भांडं आहे, त्यात आम्ही दोघंच आहोत, तळाशी ती आणि काठावर मी. गाव्रिलदादा म्हणतो, "साध्वी बोलावते देवाला, आणि ओ देतो माझा गडी."

पण गेल्या आठवड्यापासून तो हात नाही. दुसराच कुणीतरी आहे. सलग, बिनचूक, घड्याळासारखा. थांबा नाही. मला झोप नाही. परवा मी विळ्याचा दांडा मोडला, गुडघ्यावर घेऊन. तिला कोंडून ठेवलंय का तुम्ही? आमचं कळलं म्हणून?

तर ऐक. सणाला मी चर्चमध्ये येणार. दीक्षेच्या वेळी सगळ्यांसमोर तिचा हात धरून बाहेर काढणार. गाव्रिलदादाकडं घोडागाडी मागितलीय. तो म्हणाला, "आणि ती नको म्हणाली तर?" म्हणणार नाही, मी म्हटलं. "गाडी घेऊन जा. रिकामी परत आणताना घोड्याला चारा घाल म्हणजे झालं."

टोडेर


पोयानित्सा, ३० जुलै

बाळा,

माझा उजवा खांदा धरलाय, हात वर जात नाही, म्हणून मी सांगतेय आणि दुसरी लिहून घेतेय. अक्षर तू ओळखशील. दुसऱ्या कुणाला वेळ नव्हता, सगळ्या सणासाठी प्लम सुकवतायत. थोरल्या मातांना विचारलंय.

कुणालाही कोंडलेलं नाही. आमच्या दाराला कडी आतून आहे.

तुला यायचं तर ये, पण आधी हे समजून घे. दीक्षेला मुलगी लांब पांढरा सदरा घालून, अनवाणी, जमिनीवरून सरपटत वेदीपर्यंत जाते. आम्ही दोन्ही बाजूंनी तिच्यावर आमची काळी वस्त्रं धरतो, म्हणजे कुणाला ती दिसत नाही. मग धर्मगुरू हातातली कात्री जमिनीवर टाकतात आणि म्हणतात, उचलून मला दे. ती उचलते. ते पुन्हा टाकतात. पुन्हा. तीनदा. का, तर कुणी असं म्हणू नये की हिचे केस दुसऱ्याच्या मर्जीनं कापले. न उचलता उठून गेलेली एक मी स्वतः पाहिलीय. कुणी तिला अडवलं नाही, एकीनं तिला चपला दिल्या. नंतर नवी साध्वी काही दिवस चर्चच्या बाहेर पाऊल टाकत नाही, मेणबत्ती धरून आतच असते. तेवढे दिवस तिला त्रास द्यायचा नाही.

म्हणजे तुझ्या घोडागाडीची गरज नाही. तिला यायचं असेल तर ती तीनदा येऊ शकते.

तुला आणखी एक सांगायचं होतं. ते असं दुसऱ्याच्या हातानं लिहवत नाही.

माता एवलोगिया

टोडेर, या दोन ओळी माझ्या आहेत. मी इथं मेणबत्त्या ओतते, दिवसभर बोटांना मेण असतं, म्हणून कागद तेलकट झालाय. तू रागावलेला आहेस हे मला माहीत आहे, आणि स्टेशनवर मी जे बोलले ते तेव्हा खरं होतं. ये आणि बघ. माझ्यासाठी काही करू नकोस. अग्लाया.


टेकडी, ६ ऑगस्ट

आत्या,

तिनं 'ये' लिहिलंय. बाकीचं तुमच्यासमोर बसून लिहावं लागलं, ते मी धरत नाही.

आणि कालपासून तो हात परत आलाय. थांब्यासकट. म्हणजे पत्र लिहिल्यावर लगेच. आता बोल.

घोड्याला नाल ठोकून घेतले.

टोडेर


टेकडी, १८ ऑगस्ट

आत्या,

तू समोरच होतीस, पण तुझं तोंड वस्त्राआड होतं, आणि मला हे सगळं कुणाला तरी सांगायचंय. म्हणून लिहितोय.

मी पुरुषांच्या बाजूला, उजवीकडं, सगळ्यात पुढं उभा राहिलो. बाहेर कुंपणाला घोडा बांधलेला होता, त्याची घुंगरं ऐकू येत होती. मेणबत्त्या इतक्या होत्या की भिंतीवरचे संत जागा बदलतायत असं वाटत होतं. मग तुम्ही सगळ्या दोन रांगांनी आलात, आणि तुमच्या काळ्या वस्त्रांखालून काहीतरी पांढरं पुढं सरकत होतं. धुक्याखालचा मठ मी रोज बघतो, तसंच. मला तिचे फक्त तळवे दिसले. मेणाचा एक ठिपका होता टाचेला.

पहिल्यांदा कात्री पडली. तिनं उचलून दिली. दुसऱ्यांदा पडली, दिली. मी मनात म्हणत होतो, आता. तिसऱ्यांदा त्या म्हाताऱ्या धर्मगुरूंनी ती जरा जोरात टाकली. कात्री दगडावरून घसरत आली आणि माझ्या बुटाशी थांबली.

मी पाय ठेवला.

विचार करून नाही. पाय आपोआप गेला. ती गुडघ्यांवर आली, माझ्या बुटाशेजारी हात टेकला आणि थांबली. वर बघितलं नाही. ओढलं नाही, बोलली नाही, रडली नाही. तिच्या वागण्यात घाई नव्हती, जशी दारात आडवी बसलेली गाय उठायची आपण वाट बघतो, तिच्यावर न रागावता. मी आयुष्यात इतकं कुणाला शांत बघितलेलं नाही.

मी पाय काढला. तिनं कात्री उचलली, तिला लागलेली माझ्या बुटाची माती बाहीनं पुसली, आणि जाऊन दिली.

आता ती माता आनिसिया आहे. मी बाहेर येऊन घोड्याला चारा घातला. गाव्रिलदादा टेकडीच्या वाटेवर उभा होता. माझ्या तोंडाकडं बघून त्यानं काही टोमणा मारला नाही, तेच मला जास्त लागलं. फक्त म्हणाला, "गाडीत गवत टाकू. तशीही वर न्यायचीच आहे."

आता खरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गंजीवर उताणा पडलो होतो. मनात ठरवत होतो की इथून निघून जायचं, बंदरावर, जहाजावर, कुठंही. आणि तोआका सुरू झाली. सावकाश, मग दाट, मग ऐन भरात थांबा. माझे डोळे मिटायला लागले. आणि मिटता मिटता मी खाडकन उठलो.

ती तर आत होती. मेणबत्ती धरून. चर्चबाहेर पाऊल टाकायचं नाही, तिनंच तर स्वतःच्या हातानं मला लिहिलं होतं, तू सांगितलेलं.

मी उतारावरून धावत सुटलो, नदीतून, बुटांसकट. कुंपणाच्या फटीतून बघितलं. तू होतीस. फळी डाव्या खांद्यावर घेतलेली, उजवा हात जेमतेम वर जात होता, आणि ओठ हलत होते. चित्राच्या भिंतीखालून गेलीस, अस्वलाखालून, मग त्याच्या शेजारी रंगवलेल्या हरणाखालून. त्याच्या तोंडात काहीच नाही हे मी पहिल्यांदाच बघितलं. त्यानं कुणाला खाल्लेलंच नाही. मी उगाच अग्लायाकडं परत मागत होतो.

मला राग यायला हवा होता. आत्या, तू मला फसवलंस, एक शब्द लिहायचा होता. पण माझ्या डोक्यात राग नाही, एक प्रश्न आहे, आणि याचं उत्तर तू गप्प राहून द्यायचं नाहीस. अग्लाया मला कॉलेजात भेटली. हा हात मला त्याच्याही आधीपासून माहीत आहे. कुठून?

टोडेर


पोयानित्सा, २१ ऑगस्ट

टोडेर बाळा,

आनिसिया काल चर्चमधून बाहेर आली. ऊन बघून शिंकली. तुझी चौकशी केली नाही, पण बूट ओले झाले असतील म्हणाली, आणि मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. चर्चच्या खिडकीतून कुंपण दिसतं, आणि फटी दोन्हीकडून असतात.

'नाही' लिहायला मी त्या दिवशी तीनदा लेखणी उचलली. तू झोपत होतास, टोडेर. दुसरं कारण माझ्याकडं नाही. थोरल्या मातांना आता हे सगळं सांगितलंय, त्यांनी मला फळीवरून काढलेलं नाही. म्हणाल्या, मोठ्या मुलाला एवढी अंगाई म्हणणं जरा जास्तच झालं, पण असो.

तू विचारतोस कुठून. तुझ्या जन्माच्या वेळी घरात पाळणा नव्हता. तुझ्या आजीची कणीक मळायची मोठी लाकडी काथवट होती, तिच्यात घोंगडं घालून तुला ठेवायचे. मी गिरणीतून यायचे, तुझी आई कामावर जायची. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली की माझे हात शिवशिवायचे. तोंडानं म्हणायची सोय नव्हती, भिंती पातळ होत्या. म्हणून मी काथवटीच्या काठावर बोटांनी तोआका वाजवायचे. कुणी ऐकलं तर म्हणणार, आत्या पोराला झोपवतेय. ते खोटंही नव्हतं. तेवढीच माझी प्रार्थना होती, आणि तू तिच्यात झोपायचास.

वाजवता वाजवता मध्येच थांबून मी वाकून बघायचे, डोळे मिटलेत का. मिटले नसतील तर पुन्हा सुरू.

मठात परत आले तेव्हा फळी हातात घेतली आणि थांबा तसाच आला. थोरल्या माता मला त्यावरून आजवर रागावतात, सलग वाजव, जनावरं वळून बघतात. मी प्रयत्न केला. जात नाही तो. तो खांद्यानं पडलेला नाही, बाळा. तो तुझ्यासाठी वाकायचा आहे.

गाव्रिल म्हणत होता तू अजून गेला नाहीस, वरचं कुरण राहिलंय म्हणून. जायचं तेव्हा जा. पण आज वारा नदीकडून टेकडीकडं आहे. ऐन भरात थांबलं, की समज, मी बघतेय.

तुझी आत्या